भुलीचे ऋण

मराठीत वैद्य रोग्याला 'भूल' देतो. शस्त्रक्रियेपूर्वी जाणीव हरपविणाऱ्या विद्येला आपल्या भाषेने दिलेले हे नाव परिभाषाकोशातून आलेले नाही. ते घरातून आणि रानातून आले आहे. रानात वाट चुकते ती रानभूल, हिशेबाच्या शेवटी क्षमा मागताना लिहावयाची ती चूकभूल, आणि गोड बोलून एखाद्याला वश करावयाचे ते भुलविणे. विसर, चूक आणि मोह हे तिन्ही अर्थ या दोन अक्षरांत एकत्र नांदतात. शेजारच्या कन्नडात याच क्रियेला 'अरिवळिके' म्हणतात. अरिवु म्हणजे जाणीव. ती जेथे लोप पावते ते अरिवळिके. १८४६ साली अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ग्रीक भाषेच्या आधाराने 'अ‍ॅनेस्थेशिया' हा शब्द सुचविला, त्याचाही अर्थ संवेदनेचा अभाव एवढाच आहे. कन्नड आणि ग्रीक शब्द देहाची एक अवस्था सांगून थांबतात. मराठी शब्द एक संबंध सांगतो. भूल दिली जाते, आणि जेथे काही दिले जाते तेथे देणारा आणि घेणारा असे दोघे आलेच.

रोगी माणूस असेल तर या संबंधाला कागदावरच्या सहीचा आधार असतो. त्याला प्रश्न विचारता येतात, नकार देता येतो, आणि उद्या दुखणे थांबेल या आशेवर आजचे भय सोसता येते. रोगी कुत्रा असेल तर यांपैकी काहीच नसते. ज्याला भूल द्यावयाची त्याला भूल म्हणजे काय हे सांगण्याची सोय नाही. अनोळखी खोली, स्पिरिटचा वास, धरून ठेवणारे परके हात आणि सुईची टोच, एवढेच त्याच्या वाट्याला येते. त्यामागचा हेतू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच कुत्र्याला दिलेल्या भुलीत देणाऱ्याची जबाबदारी कितीतरी वाढते. घेणाऱ्याच्या वतीने विचार करण्याचे कामही त्यालाच करावे लागते.

म्हैसूरहून दक्षिणेस नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडकोळ हे गाव लागते. लोहमार्गावरचे लहानसे स्थानक, भोवतालची शेते आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची कुंपणे, असे त्याचे आजचे रूप आहे. कारखाना आला की फाटक आले, फाटक आले की पहारेकरी आला, आणि पहारेकऱ्यामागोमाग कुत्री आली. ही कुत्री कोणाचीच नसतात. पण त्यांना बेवारस म्हणणेही पूर्ण खरे नाही. कोणाच्या डब्यातला उरलेला भात, कोणी टाकलेले बिस्किट आणि थंडीत शेकोटीजवळची हातभर जागा यांवर त्यांचा हक्क सर्वांनी न बोलता मान्य केलेला असतो.

याच रस्त्याने पुढे गेले की कपिला नदीच्या काठी नंजुंडेश्वराचे देऊळ येते. कन्नडात नंजु म्हणजे विष, आणि नंजुंड म्हणजे विष प्यालेला. समुद्रमंथनातले हलाहल कंठात धरणारा हा शिव रोगहर्ता मानला जातो. टिपू सुलतानाच्या हत्तीची गेलेली दृष्टी येथे परत आली आणि तेव्हापासून सुलतान या देवाला 'हकीम नंजुंड' म्हणू लागला, अशी आख्यायिका या भागात सर्वतोमुखी आहे. तिच्यातला इतिहास किती हा प्रश्न वेगळा. मुक्या जनावराच्या दुखण्यावर इलाज करणारा तो हकीम, आणि विष योग्य जागी थांबवून धरणारा तो देव, या दोन कल्पना लोकमानसाने एकाच ठिकाणी जोडल्या, ही गोष्ट मात्र अर्थपूर्ण वाटते. भुलीचे प्रत्येक औषध हे मापात दिलेले विषच असते. माप चुकले की भूल चिरनिद्रा होते.

कडकोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करणारा एक पहारेकरी मूळचा निपाणीकडचा. फाटकाशीच वाढलेल्या एका तांबूस कुत्रीला तो 'तांबे' अशी हाक मारी. ती पाच-सहा वर्षांची झाली आणि एका पावसाळ्यात तिचे खाणे सुटले. सारखे पाणी पिऊ लागली, पोट फुगले, अंग तापले. म्हैसूरच्या पशुवैद्याने हात लावताच ओळखले की गर्भाशयात पू झाला आहे. न उकललेल्या माद्यांत उतारवयाकडे हे दुखणे पुष्कळदा आढळते, आणि गर्भाशय काढून टाकणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज असतो. पहारेकऱ्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, तिला दुखंल का हो?" डॉक्टर कन्नडभाषी होते. त्यांनी मान हलवून "नोवु आगल्ला" असे सांगितले. दुखणार नाही, हे त्याला समजले. पण त्याचे समाधान झाले नाही. थोडे थांबून तो म्हणाला, "आन् तवर? तवर ती भिईल की."

या साध्या प्रश्नात पशुभूलशास्त्राचा अर्धा ग्रंथ सामावलेला आहे. वेदना सुरीपाशी सुरू होते. भय दाराशीच सुरू होते. सुरीची वेदना भूल हरण करते, परंतु दारापासून सुरीपर्यंतच्या भयाचे काय करावयाचे? त्याचे उत्तर म्हणून भुलीच्या आधी द्यावयाचे औषध आले. इंग्रजीत त्याला प्रीमेडिकेशन म्हणतात. मराठीत पूर्वौषध म्हणावयास हरकत नसावी. त्याचे पहिले काम मन शांत करण्याचे. दुसरे, वेदना जागी होण्याआधीच तिची वाट अडविण्याचे. तिसरे, मुख्य भुलीचे प्रमाण कमी करण्याचे, कारण शांत जनावराला थोडे औषध पुरते आणि घाबरलेल्याला पुष्कळ लागते. चौथे, भुलीत जाणे आणि भुलीतून येणे हे दोन्ही प्रवास निर्विघ्न करण्याचे.

ही औषधे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. असेप्रोमाझिनने कुत्रे सुस्त होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे सरकते, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता याला काहीच कळत नाही. प्रत्यक्षात या औषधात वेदनाशमनाचा गुण नाही. ते रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीत तयार झालेले झायलाझिन झोप, वेदनाशमन आणि स्नायूंची शिथिलता ही तिन्ही आणते. परंतु त्याने कुत्र्याला पुष्कळदा उलटी होते आणि हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. त्याच कुळातील नव्या औषधांवर उतारा आहे. तो टोचला की निजलेले जनावर काही मिनिटांत मान वर करते. त्याच १९६२ साली अमेरिकेत केटामिन तयार झाले. त्याची भूल विलक्षण असते: डोळे उघडे, गिळण्याची क्रिया बरीचशी शाबूत, आणि जाणीव मात्र देहापासून सुटी झालेली. एकटे केटामिन कुत्र्याला देत नाहीत. त्याने स्नायू ताठरतात, झटकेही येतात. म्हणून त्याच्या जोडीला झायलाझिन किंवा डायझेपाम द्यावे लागते. मॉर्फिनच्या कुळातील औषधे वेदनेवर उत्तम, पण तीही श्वास आणि ठोके मंद करतात. लाळ आणि ठोके सांभाळण्यासाठी अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवतात.

यांतले कोणते आणि किती हे रोगी पाहून ठरते. तांबीचे रक्ताभिसरण आधीच दुबळे झाले होते. म्हणून हृदय मंदावणारी आणि दाब उतरविणारी औषधे डॉक्टरांनी टाळली. आधी शिरेतून सलाइन चालू केले, मग मॉर्फिनच्या कुळातले एक सौम्य औषध आणि भीती घालविणारे दुसरे, अशी जोडी दिली. पाच-दहा मिनिटांत तिची मान पहारेकऱ्याच्या मांडीवर कलली. टेबलावर ती नेली गेली तेव्हा तिला धरून ठेवावे लागले नाही. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला असे शब्दांवाचून मिळाले.

औषध ठरविताना जात आणि बांधाही पाहावा लागतो. ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि यकृतही काही औषधे सावकाश निकालात काढते. थायोपेंटोन हे जुने औषध त्यांना नेहमीच्या मापाने दिले तर ती तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत. आपल्याकडच्या मुधोळ कुत्र्याचा बांधा असाच सडपातळ, म्हणून जाणता वैद्य तेथेही हात आखडता घेतो. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. एके काळी ते घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते, आणि मालोजीराव घोरपड्यांनी या जातीची जोडी बादशहा पंचम जॉर्जला भेट दिली होती. दरबारी कुत्र्याला वंशावळ असते, आणि ती भूलतज्ज्ञाला उपयोगी पडते. फाटकावरच्या तांबीला वंशावळ नाही. तिच्या बाबतीत तिचा देह हाच एकमेव दस्तऐवज, आणि तो काळजीपूर्वक वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

पहारेकऱ्याचा प्रश्न जुना आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला अन्न द्यावे, आणि मद्य पिणाऱ्याला तीव्र मद्य पाजावे, म्हणजे त्याला मूर्च्छा येणार नाही आणि शस्त्राचा त्रास जाणवणार नाही, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. आज भुलीआधी पोट रिकामे ठेवतात, म्हणजे त्यातला अन्नाचा भाग उलटला आहे; परंतु सुरीच्या आधी माणसाच्या मनाची तयारी करावी हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. युरोपात मात्र या विद्येचा आरंभ कुत्र्यापासून झाला. १६५६ साली ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर रेन याने रॉबर्ट बॉइलच्या साहाय्याने कुत्र्याच्या शिरेत अफू मिसळलेले मद्य सोडले. शिरेतून भूल देण्याचा हा पहिला ज्ञात प्रयोग. कुत्रे गुंगले, आणि ते कायमचे निजू नये म्हणून त्याला चाबकाने मारीत बागेतून फिरवावे लागले. ते वाचले, पुढे धष्टपुष्ट झाले, प्रसिद्धही झाले, आणि त्या प्रसिद्धीपायी कोणीतरी ते चोरून नेले, असे बॉइलने लिहून ठेवले आहे.

आठ वर्षांनी, १६६४ मध्ये, रॉबर्ट हूकने एका जिवंत कुत्र्याची छाती उघडून भात्याने त्याचा श्वास चालू ठेवला आणि हृदयाची हालचाल पाहिली. प्रयोग यशस्वी झाला. प्रयोगकर्ता मात्र अस्वस्थ झाला. त्या जनावराचे हाल पाहून पुन्हा असे काही करण्यास आपण धजणार नाही, असे त्याने बॉइलला कळविले. जनावराला काहीच जाणवू नये असे गुंगविण्याचा उपाय सापडला तर हा शोध फार मोलाचा ठरेल, पण कोणतीही अफू ते करू शकेल असे वाटत नाही, हेही त्याने त्याच पत्रात लिहिले. भुलीची गरज इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारा हा माणूस उपायापासून जवळजवळ दोन शतके दूर होता, आणि ती गरज त्याला एका कुत्र्याने शिकविली होती.

उपाय आला तोही त्याच वाटेने. बॉस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्याआधी त्याने आपल्या घरच्या कुत्र्यावर ईथर वापरून पाहिले होते. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्सनने क्लोरोफॉर्म आणले आणि त्याच्या गोड वासाने जग जिंकले. पण जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म घेताना काही मिनिटांत मेली. ती शस्त्रक्रियेच्या धास्तीने अगोदरच व्याकूळ झाली होती. क्लोरोफॉर्म मारते ते श्वास थांबवून की हृदय थांबवून, असा वाद त्यानंतर पेटला आणि अर्धे शतक विझला नाही.

या वादाचा निकाल लावण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न दख्खनमध्ये झाला. हैदराबादला निजामाच्या नोकरीतील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी याचा पक्का सिद्धान्त होता की श्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म पूर्ण निर्धोक आहे, हृदयाला त्याचा थेट धोका मुळीच नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खर्चाने १८८८ मध्ये पहिले आणि १८८९ मध्ये दुसरे हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठविले. हैदराबादेत भूलशास्त्र शिकलेल्या, जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी याही याच काळातल्या. पहिल्या कमिशनसाठी शंभराहून अधिक कुत्री क्लोरोफॉर्मखाली मारण्यात आली. दुसऱ्यात कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे मिळून चारशेच्या वर जनावरे वापरली गेली. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने निघाला: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता, म्हणून हा इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

तरीही तो निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवर दाखविले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढले तर हृदयाची लय बिघडून ते एकाएकी निकामी होते. आता अ‍ॅड्रेनलिन म्हणजे काय, तर भय आणि धडपड यांच्या वेळी देहात आपोआप उसळणारा स्राव. हैदराबादेत भुलीची खोली मोजली गेली, श्वास मोजला गेला, रक्तदाबाचे आलेख काढले गेले. प्राणघातक ठरणारा योग मात्र त्या आलेखांत सापडला नाही. हॅना ग्रीनरला नेमके कशाने मारले याचा निर्णय आज कोणी देऊ शकणार नाही. पण तिच्या धास्तीकडे पाहण्याची दृष्टी लेव्हीने बदलली. भय ही मनाची दुर्बळता म्हणून दुर्लक्षावी अशी बाब नव्हे. भुलीच्या टेबलावर ती देहाची एक अवस्था असते आणि तिच्यावर उपचार करावाच लागतो. पूर्वौषधाला दयेइतकाच सुरक्षिततेचाही आधार आहे, तो असा.

महाभारताच्या आरंभी, पौष्यपर्वात, सरमेची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञाजवळ गेलेल्या तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी अपराध नसता मारले. हविर्द्रव्याकडे त्याने पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. तेव्हा ती देवशुनी राजापुढे येऊन म्हणाली की निरपराध्याला मारलेस, आता तुला अदृष्ट भय येईल. शाप मोठा विचित्र आहे. तिने मरण मागितले नाही, राज्यनाश मागितला नाही. जे तिच्या पिल्लाने भोगले तेच, दिसत नसलेले भय, तिने परत केले. हे भय निवारण्यासाठी राजाला पुरोहित शोधीत हिंडावे लागले. व्यासांचे महाकाव्य कुत्र्याच्या तक्रारीने उघडते आणि कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारणाऱ्या युधिष्ठिरापाशी संपत येते. मधल्या अठरा पर्वांचा पसारा या दोन कुत्र्यांच्या मध्ये आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

विसाव्या शतकात हे नाते थोडे बदलले. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात आर्थर गुडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी श्वासनलिकेत बसविण्याची फुगा असलेली नळी सिद्ध केली. ती किती घट्ट बसते हे दाखविण्यासाठी भूल दिलेल्या कुत्र्याला नळीसह पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवीत. बाहेर काढल्यावर कुत्रे शुद्धीवर आले, अंग झाडून पाणी उडविले, आणि निजले. त्याचे नाव 'एअरवे'. ते पुढे वॉटर्सच्या घरी राहिले. आज जगभर माणसांना भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफोल हे जॉन ग्लेन या स्कॉटिश संशोधकाने शोधले. ते शिक्षणाने पशुवैद्य होते आणि ग्लासगोत पशूंचे भूलशास्त्र शिकवीत असत. २०१८ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. जनावराच्या भुलीतून माणसाची भूल निघाली, हे वाक्य अलंकारिक नाही.

हे ऋण कसे फेडावयाचे? निदान त्याची जाणीव तरी कोठे दिसावी? भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे राज्यसभेतील प्रयत्न होते. त्या कायद्याखाली २००१ साली आणि नंतर २०२३ साली कुत्र्यांच्या जननियंत्रणाचे नियम आले. रस्त्यावरचे कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, खूण म्हणून कानाला खाच पाडावी आणि जेथून आणले तेथेच परत सोडावे, अशी ही रीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा देशभर मोठा वाद झाला. चावणारी कुत्री, मरणारी मुले, कुत्र्यांची संख्या, महापालिकांचा खर्च यांवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलणे आवश्यकच होते. रेबीजने मरणाऱ्या मुलाच्या आईपुढे कुत्र्याची कैफियत मांडणे सोपे नाही. परंतु हीच योजना नीट चालावयाची तर असंख्य कुत्र्यांना भूल द्यावी लागणार, आणि त्या भुलीच्या चार तासांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते.

ते चार तास महत्त्वाचे का, हे आकडे सांगतात. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निरोगी कुत्र्यांत भुलीमुळे मरण्याचे प्रमाण शेकडा ०.०५, म्हणजे दोन हजारांत एक; आजारी कुत्र्यांत शेकडा १.३३, म्हणजे पंचाहत्तरांत एक. यापेक्षा विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. मेलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी टेबलावर मेली नाहीत. ती शस्त्रक्रिया संपल्यावर मेली, आणि त्यांतही बहुतेक पहिल्या तीन तासांत. सुरी थांबली, टाके पडले, हात धुतले गेले, सर्वांचे लक्ष उडाले, आणि तेव्हा ती गेली.

भुलीतून परत येणे हा भुलीत जाण्याइतकाच अवघड प्रवास आहे. एरवी अडतीस-एकोणचाळीस अंश सेल्सिअस असणारी अंगाची ऊब उतरलेली असते, म्हणून पांघरूण घालावे लागते. गिळता येऊ लागेपर्यंत श्वासाची नळी काढता येत नाही. हिरड्यांचा रंग, श्वासाची लय, टाक्यांतून झिरपणारे रक्त यांवर नजर ठेवावी लागते. शुद्ध येताना काही कुत्री विव्हळतात, पाय झाडतात, ओळखीच्या माणसावरही गुरकावतात. तांबीनेही तेच केले. संध्याकाळी ती एकाएकी भेसूर रडू लागली आणि जवळ आलेल्या हातावर तिने दात दाखविले. पहारेकरी चपापला. "ओळख इसरली का हो ही?" असे त्याने विचारले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हे दुखणे नव्हे आणि राग तर नव्हेच. जाणीव तुकड्यातुकड्यांनी परत येते आहे, आणि सगळे तुकडे अजून जुळलेले नाहीत. त्याने खोलीतला दिवा मालविला, तिच्या अंगावर गोणपाट आणि त्यावर स्वतःची शाल घातली, आणि रात्रपाळीची सवय असलेला तो माणूस तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. मध्यरात्रीनंतर तिने त्याचा हात हुंगला आणि डोके खाली ठेवले. या रात्री त्याने काही औषध दिले नाही. मात्र त्या अभ्यासातले निम्मे मरण ज्या वेळात येते, तो वेळ त्याने राखला.

पिंजऱ्याच्या गाडीतून आलेल्या कुत्र्याजवळ असा कोणी बसत नाही. त्याला नावाने हाक मारणारा माणूस दूर फाटकावर राहिलेला असतो. म्हणून तेथे ममतेची जागा शिस्तीने घ्यावी लागते: सुईआधी भीती उतरविणारे औषध, सुरीआधी वेदना अडविणारे औषध, नंतर ऊब, आणि ते पायांवर उभे राहीपर्यंत जागे असलेले एक माणूस. यांतले काहीच फार महाग नाही. रोजच्या शस्त्रक्रियांचा आकडा वाढविण्याच्या घाईत नेमके हेच पहिल्यांदा गळते. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी हिशेब ठेवताना चूकभूल लवकर होते, आणि ती देण्याघेण्याचा प्रश्न कोणी काढीत नाही.

नाव असले की काय होते हे याच प्रदेशाने हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले आहे. म्हैसूरच्या शेजारच्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला. तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बुतुग यांच्या विजयाबरोबर त्यात एका कुत्र्याची हकीकत आहे. बुतुगाने मणलेर या वीराला त्याच्या पराक्रमाबद्दल काय हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. हा कुत्रा पुढे रानडुकराशी झुंजून मेला, आणि त्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारला गेला. त्याच्या पूजेसाठी जमीनही लावून दिली गेली. सम्राटाचे युद्ध आणि कुत्र्याची झुंज एकाच शिळेवर कोरण्यात त्या काळच्या लोकांना काही विसंगत वाटले नाही.

हैदराबादेत क्लोरोफॉर्मखाली गेलेल्या कुत्र्यांना असा दगड नाही, रेनच्या चोरीला गेलेल्या कुत्र्याला नाही, हूकच्या कुत्र्यालाही नाही. आज कोणत्याही रुग्णालयात माणूस निर्धास्तपणे डोळे मिटतो, त्या निर्धास्तपणात त्यांचा वाटा आहे. तो दगडाने फिटणारा नाही. कडकोळच्या फाटकावरून उचललेल्या आणि कानाला खाच पाडून तेथेच परत सोडावयाच्या कुत्र्याला भुलीआधी भय वाटू नये आणि भुलीनंतर ते एकटे असू नये, एवढी व्यवस्था झाली तर त्या ऋणाचे निदान व्याज तरी फिटेल.